पान दोनशे सदतीस

जोतीराम सरांना त्या दुपारी खुर्चीतून उठायचा कंटाळा आला. झालं ते एवढंच. कपाट चार पावलांवर, किल्ली कपाटालाच लटकलेली, पुस्तक वरून दुसऱ्या फळीवर. पण नाही उठले. माणूस नुसता बसून राहिला तर केवढं वाटोळं होतं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं पुढचं ऐकावं.

सर मूळचे मोहोळचे. सोलापुरात पस्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. बायको गेली, मुलगा पुण्यात. मागं राहिलं काय, तर शरणबसव मंद्रूपकर. हे मंद्रूपकर आपल्याच जिल्ह्यातले कादंबरीकार. अकरा कादंबऱ्या लिहिल्या, वय आता ऐंशीच्या घरात. कुणाला देवाचं वेड असतं, कुणाला तमाशाचं, सरांना मंद्रूपकरांचं होतं. एकट्यानं वेडं होण्यात मजा नाही, म्हणून त्यांनी वाचकांचं मंडळ काढलं. दर रविवारी सकाळी नव्या पेठेत गुरुसिद्धप्पाच्या छापखान्याच्या माडीवर दहा-बारा जण जमायचे. खाली लग्नपत्रिका छापल्या जायच्या आणि वर मंद्रूपकर वाचले जायचे. मधल्या दिवसांत मोबाईलवरच्या ग्रुपवर रोज एक उतारा यायचा, ज्याचा त्याचा आवडता.

नियम एकच होता, पण कडक. उताऱ्याखाली लेखकाचं नाव, कादंबरी, आवृत्ती आणि पान लिहायचं. मग सर पुस्तक काढणार, ओळ अन् ओळ ताडून बघणार आणि खाली लिहिणार, "बरोबर." तोवर कुणी 'वा' सुद्धा म्हणायचं नाही. बँकेतल्या सतीशनं एकदा घाईत एक वाक्य गाळलं, तर सरांनी त्याला रविवारी सगळ्यांदेखत असा फैलावर घेतला की बिचाऱ्याच्या हातातला चहा गार झाला. सतीश त्यावर हसला, पण विसरला नाही.

मंद्रूपकरांची सगळ्यांत लाडकी कादंबरी म्हणजे 'माळावरची चूल'. बोरामणीकडच्या माळरानावरची, दुष्काळातली एका बाईची गोष्ट. पहिली आवृत्ती लेखकानं पदरमोड करून छापली होती, तीनशे प्रती. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनीच चाळीसेक पानं कापली आणि लोकांच्या घरी असते ती ही कापलेली. पहिलीची प्रत शोधूनही सापडत नाही. एक होती ती जोतीराम सरांच्या कपाटात. दोन वर्षांपूर्वी मंद्रूपकर स्वतः माडीवर आले होते, तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, कुरवाळली आणि म्हणाले, "माझ्याकडंही राहिली नाही हो ही." कुणीही समजला असता, म्हाताऱ्याला ती हवी आहे. सरांनी दिली नाही. सही घेतली आणि पिशवीत घातली.

ती प्रत सरांनी आयुष्यात एकाच माणसाला वाचायला दिली, ती उत्कर्षाला. उत्कर्षा त्यांची विद्यार्थिनी. श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या कामगाराची पोर, सोलापुरात वसतिगृहात राहून शिकली. बाप लवकर गेला, आई वच्छलाबाई कारखान्याच्या वसाहतीत घरोघरी भाकऱ्या करायच्या. कॉलेजच्या सुट्टीत उत्कर्षा सरांच्या पडवीत पाय पोटाशी घेऊन बसायची आणि पुस्तक घरी न नेता तिथंच वाचायची, कारण सर नेऊ द्यायचे नाहीत. मंडळात ती सगळ्यांत लहान आणि तिचे उतारे सगळ्यांत नेमके. सर लोकांना सांगायचे, माझ्यानंतर 'बरोबर' म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर हिला.

दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. नवरा ऋतुराज, बांधकामाचे ठेके घेणारा, बोलायला गोड, शहराच्या जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. हळूहळू उत्कर्षा रविवारी कमी येऊ लागली. मोबाईल रोज संध्याकाळी नवऱ्याच्या हातात जायचा. कुणाचा फोन, किती वेळ, कशासाठी, सगळ्याचा हिशोब. आईशी बोलायचं तर स्पीकर लावून. मैत्रिणी एकेक करून बंद झाल्या. एक हा पुस्तकवाल्यांचा ग्रुप तेवढा त्यानं राहू दिला, कारण हे म्हातारे किडे कसली पानंच्या पानं पाठवतात याची त्याला मौज वाटायची. लांबलचक मजकूर दिसला की तो बोटानं वर सरकवायचा. हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा सरांना एवढंच दिसलं की पोरगी तीन रविवार सलग आली नाही, आणि ते रागावले. "लग्न झालं की पोरींचं वाचन संपलं," म्हणाले. फोन करावा असं काही त्यांना वाटलं नाही.

तिसऱ्या रविवारी सतीशनं जुनी उधारी फेडली. "सर, पुस्तक बघून 'बरोबर' म्हणायला काय लागतंय? ते आमचा शिपाईपण म्हणंल. न बघता सांगा की एकदा!" सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, पण सरांना लागलं. मान ताठ करून ते म्हणाले, "चुलीची पहिली आवृत्ती मला पानापानानं पाठ आहे. यापुढं तिच्यातला उतारा ताडायला पुस्तक उघडलं तर नाव बदला माझं." टाळ्या पडल्या. उत्कर्षा तिथं नव्हती. सर आता पुस्तक उघडणार नाहीत, हे तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, तिचा उतारा आला. सर भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक असं जेवून आरामखुर्चीत टेकले होते, गुडघ्याला तेल चोळलेलं. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचलं.

"कडी बाहेरून लावलेली होती. जाळीतून तिसऱ्या मजल्याखालची माणसं दिसत होती, पण हाक मारायची सोय नव्हती. तो म्हणाला होता, तोंड उघडलंस तर खाली टाकीन, आणि लोक म्हणतील पाय घसरला. तिनं दंडावरचे वळ बाहीखाली झाकले आणि मुठीतले कच्चे तांदूळ एकेक करून चावत बसली. डब्यात चार दिवसांचं पीठ होतं. तिला फार काही नको होतं. कुणीतरी जागचं उठावं आणि बघावं, एवढंच."

खाली नियमाप्रमाणं, शरणबसव मंद्रूपकर, माळावरची चूल, पहिली आवृत्ती, पान २३७.

सरांना हा उतारा आठवेना. क्षणभर वाटलं, आपलं डोकं चाललं की काय. नजर कपाटाकडं गेली. मग कालच्या टाळ्या आठवल्या, सतीशचं तोंड आठवलं, गुडघाही दुखत होता. पोरगी कशाला चुकेल? हिला मीच शिकवलंय. आणि त्यांनी लिहिलं, "बरोबर. काय उतारा काढलास, उत्कर्षा! शाबास!"

मग काय, धडाधड वाहवा सुरू झाली. अंगठे, टाळ्या, फुलं. सतीशनं लिहिलं, मान गये सर, न बघता! एकटी धम्मप्रिया, टपाल खात्यात काम करणारी, जरा सरळ डोक्याची. तिनं विचारलं, "सर, पण माळावर तिसरा मजला कुठून आला? चुलीत तर सगळी धाब्याची घरं आहेत."

खरं तर इथं मान्य करायची केवढी सोपी वाट होती. थांबा, बघून सांगतो, एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. पण सरांनी मनानंच रचून दिलं, "नायिकेच्या बहिणीचा शहरातला प्रसंग आहे तो. दुसऱ्या आवृत्तीत गाळलाय. तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही." कादंबरीत नायिकेला बहीणच नव्हती!

दहा मिनिटांनी उत्कर्षाचा एक संदेश आला. "सर, पुस्तक उघडून बघितलंत का?"

सरांनी लिहिलं, "मला उघडावं लागत नाही, बाळ."

सरांना डोळा लागला.

शुक्रवारी सकाळी सतीशचा फोन. उत्कर्षा गेली. कपडे वाळत घालताना तिसऱ्या मजल्यावरून तोल गेला म्हणे. ऋतुराज खाली बसून हंबरडा फोडतोय, सगळी सोसायटी गोळा झालीय. सर धावतपळत गेले. पांढरी चादर, चादरीबाहेर आलेलं एक पाऊल, बोटात जोडवं. वच्छलाबाई श्रीपूरहून पोहोचल्या तेव्हा दुपार झाली होती. त्या रडल्या नाहीत. लेकीचा हात उचलून बाही वर सारली, दंड बघितला आणि बाही पुन्हा नीट केली. पोलीस म्हणाले, बाई, एवढ्यावरनं पडल्यावर खुणा असणारच. कागदावर 'अकस्मात मृत्यू' असं लिहिलं गेलं.

रविवारी माडीवर शोकसभा झाली. गुरुसिद्धप्पानं पैसे न घेता कार्ड छापलं, जाड कागद, काळी चौकट, उत्कर्षाचा फोटो. फोटोखाली तिचा शेवटचा आवडता उतारा, म्हणजे तोच, मंद्रूपकरांच्या नावासकट आणि पान नंबरासकट. सरांनी तो उभं राहून वाचला. शाळेत कविता वाचायचे तशा भरल्या आवाजात. 'पाय घसरला' या शब्दांवर त्यांना हुंदका आला, लोकांनाही आला. नियती कशी बघा, म्हणाले, तिनं निवडलेली ओळच खरी झाली. अख्ख्या माडीला रडू फुटलं, पण एकाच्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही. पुस्तकं वाचून वाचून माणूस इतका बहिरा होतो? होतो. मंडळानं एक कार्ड मंद्रूपकरांनाही पाठवलं.

गुरुवारी दुपारी सरांचं दार वाजलं. धम्मप्रिया होती आणि तिच्यामागं वच्छलाबाई, हातात ते कार्ड.

"सर," वच्छलाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मला अक्षरं लावून लावून वाचाय येतं. ह्या ताईनं वाचून दावलं. एक सांगा, हे पुस्तकातलं हाय का न्हाय?"

"बसा तरी, ताई."

"बसत न्हाय. माझी पोरगी ल्हानपणापासनं भ्याली की कच्चे तांदूळ चावायची. लई मारलं मी तिला त्यापायी, दात किडतील म्हणून. घरात आमा दोघींशिवाय कुणाला ठावं न्हाय. त्या लेखकाला कुणी सांगितलं?"

तो तिसरा मजला, ती जाळी, ते चार दिवसांचं पीठ, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. पुस्तक न उघडताच त्यांना कळून चुकलं. सोमवार ते शुक्रवार किती दिवस होतात, हे मोजायला बोटं लागत नाहीत.

"ठाण्यात गेलते," बाई सांगत होत्या. "फौजदार म्हणतोय, आवं, ही कादंबरीतली ओळ हाय, जावयाच्या वकिलानं तुमच्या ग्रुपचा कागद दिलाय, हितं सरांनीच 'बरोबर' म्हणून लिवलंय. पुस्तकातलं न्हाय असं निघालं तर मग ते तिचं सवताचं लिवणं हुतंय, मंग मी बघतो, म्हणाला. तुमी पान दावा मला. दावा की."

पुस्तक चार पावलांवर होतं. काचेतून त्याच्या पाठीवरचं हिरवं कापड दिसत होतं. हात लांबवायचा आणि खाली मान घालून म्हणायचं, बाई, मी खोटं बोललो. पण धम्मप्रिया बघत होती. उद्या ग्रुपवर जाईल, गावभर होईल. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला जोतीराम मास्तर न वाचता शिक्का मारतो, आणि एका पोरीनं जीव वाचवायला हाक दिली तिला 'शाबास' म्हणतो.

"पुस्तक बांधणीला टाकलंय," ते म्हणाले. "पण ते त्यातलंच आहे, ताई. मला पाठ आहे."

वच्छलाबाईंनी कार्ड पदराखाली घेतलं. "तुमी मास्तर माणूस, खोटं कशाला बोलाल," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. हे त्या टोमण्यानं म्हणाल्या नाहीत, तेच वाईट.

त्या गेल्यावर सरांनी कपाट उघडलं. पान २३७ वर माळावरच्या शेळीला खुरकत झाल्याचं वर्णन होतं. पानभर शेळीच. शेळीचे खूर, शेळीची लाळ, शेळीला लावायचं औषध. सर त्या शेळीकडं बघत राहिले. उत्कर्षानं हे पान मुद्दाम निवडलं होतं. ते दुसऱ्या कुणाकडं नाही हे तिला माहीत होतं, आणि सर ओळ अन् ओळ ताडून बघतात हेही. सर कपाट उघडतील, शेळी दिसेल, चमकतील, फोन करतील, नाहीतर जिना चढून येतील. नवऱ्याच्या नाकाखालून एकट्या सरांना दिसेल अशी चिठ्ठी होती ती. सरांना स्वतःची इतकी किळस आली की ते जमिनीवर बसले.

एवढं कळल्यावर माणसानं काय करावं? पुस्तक काखोटीला मारून थेट ठाणं गाठावं. सर उठलेही. तेवढ्यात सतीशचा फोन आला. "सर, ती बाई काहीतरी म्हणतेय म्हणे उताऱ्याबद्दल. आम्ही तिघं येतोय पुस्तक बघायला. एकदा तोंडं बंद करून टाकू सगळ्यांची. निघालोच."

भीती वाईट. सरांनी पान फाडलं. शिवणीपाशी बोटांनी दाबून, सावकाश, फाडलेलं कळू नये असं. स्वयंपाकघरात गॅस पेटवून त्यावर धरलं आणि राख मोरीत सोडली. पाच मिनिटांनी मंडळी आली तेव्हा त्यांनी पुस्तक पुढं केलं. बांधणीला टाकायला काढलं होतं, म्हणाले, आणि बघतो तर नेमकं तेच पान गळालंय, जुनी शिलाई. सतीश हळहळला. फाटलेल्या जागेवरून त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बघा, आता जगात कुठंच राहिला नाही हा उतारा. उत्कर्षानं वाचवला म्हणायचं."

राहता राहिला लेखक. धम्मप्रियानं मंद्रूपकरांना फोन करून सरळ विचारलं, हे तुमचं आहे का? म्हातारबुवांना आठवत नव्हतं, पण उतारा आवडला होता. त्यांनी थरथरत्या अक्षरात मंडळाला पोस्टकार्ड धाडलं. "माझ्याच विसरलेल्या ओळी एका वाचकानं जपल्या, यापरता पुरस्कार नाही." घ्या! त्यांना तरी काय म्हणायचं? चांगलं लिहिलेलं माझं नाही, असं म्हणणारा लेखक अजून जन्माला यायचाय. ते पोस्टकार्ड ऋतुराजच्या वकिलानं मिळवलं आणि कागदांना जोडलं.

पंधरा दिवस गेले. सरांना जेवण जाईना. एका सकाळी औषध आणायला रिक्षानं निघाले होते, वाटेत पोलीस ठाणं लागलं. फाटकाच्या आत, कडुनिंबाखालच्या बाकावर वच्छलाबाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कार्ड दाखवत होत्या, शिपायाला, वकिलाला, पासपोर्टच्या कामाला आलेल्या पोरांना. "हे पुस्तकातलं न्हाय हो. हे माझ्या पोरीनं लिवलंय." लोक कार्ड घेत, वाचत, छान आहे म्हणत आणि परत देत.

सरांनी रिक्षा थांबवली, उलट फिरवली आणि घरून पुस्तक आणलं. वच्छलाबाईंना म्हणाले, "मी सांगून येतो आत." त्या उठून उभ्या राहिल्या, तोंडावर एकदम पालवी फुटल्यासारखी झाली. सरांना त्यांच्याकडं बघवेना.

फौजदार वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, गुरुजी म्हणाला, सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही ग्रुपवर लिहिलं ते खोटं?"

"खोटं."

"बरं. पान दाखवा."

"पान नाही. मी फाडलं. जाळलं."

फौजदारानं पुस्तक घेतलं, फाटलेल्या जागी उघडलं, बोटानं चाचपलं आणि मिटलं. "गुरुजी, आता मला सांगा. लेखक म्हणतोय माझं आहे. तुमचे मेंबर म्हणतात, पान आपोआप गळालं असं तुम्हीच सांगितलं. तुम्ही ग्रुपवर लेखी दिलंत की बरोबर आहे, आता तोंडी म्हणताय चूक आहे. साहेबांपुढं मी काय ठेवू? कोर्टात दोन मिनिटं टिकाल का तुम्ही? त्या पानावर काय होतं म्हणता?"

"शेळी," सर म्हणाले.

बाजूचा हवालदार हसला. फौजदार हसला नाही, पण त्यानं पेन खाली ठेवलं. "पुस्तक आहे तसं आणलं असतंत तर त्याच दिवशी त्याला आत घेऊन बसलो असतो. खरं सांगतो. आता अर्ज द्या, आवक वहीत नोंद करतो."

सरांनी अर्ज लिहिला. तारीख, विषय, मजकूर, सही. कुठं खाडाखोड नाही. फौजदारानं त्यावर शिक्का मारला, जाडजूड फायलीत खालून दुसरा लावला आणि फायलीची नाडी बांधली. "अक्षर मात्र सुरेख आहे, गुरुजी," तो म्हणाला.

बाहेर ऊन तापलं होतं. वच्छलाबाई अजून उभ्याच होत्या, पिशवी छातीशी धरून.

"घेतलं का, सर?"

"घेतलं."

"मंग आता धरतील त्याला?"

सरांच्या तोंडात उत्तर तयार होतं. बघू, होईल काहीतरी, वेळ लागतो. बाई तेवढ्यावर घरी गेल्या असत्या, महिना दोन महिने आशेवर राहिल्या असत्या, सरांना बरं म्हणाल्या असत्या. असली उत्तरं त्यांना जन्मभर पटकन सुचत आली होती.

"नाही," ते म्हणाले. "नाही धरणार. माझ्यामुळं नाही धरणार. ते पुस्तकातलं नव्हतं, ताई. तुम्ही दारात आलात तेव्हा ते पान माझ्या कपाटात होतं. तुम्ही गेलात आणि मी ते जाळलं."

वच्छलाबाई हळूच बाकावर बसल्या. सर वाट बघत राहिले, की ही आता पायातली काढेल, चार माणसांत शिव्या देईल, तोंडावर थुंकेल. तसं झालं असतं तर त्यांना थोडं सोसलं असतं. बाईंनी कार्ड पिशवीत घातलं. पदरानं तोंड पुसलं. आणि मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, शिकवून झाल्यावर ढ पोराकडं बघावं तसं.

"मंजी तुमाला न्हाय म्हणता येतंय," त्या म्हणाल्या. "ते सोमवारी म्हणायचं हुतं की, सर. सोमवारी माझी पोरगी जित्ती हुती."